बर्फवाडीचं अस्वल बोलत नाही

अहो नाही, तुम्हीच सांगा मला, ज्या माणसाने उभा जन्म भोंग्यावर बोलून काढला त्याला कुणी गप्प बसायची नोकरी देतं का? पट्टीच्या पोहणाऱ्याला कुणी वाळूत नेऊन सोडतं का? ढोलकीवाल्याचे हात बांधून ‘बस बाबा फडात, नुसती मान हलव’ असं म्हणतं का कुणी? मला म्हणाले! आणि नुसते म्हणाले नाहीत, अंगावर पांढरं अस्वल चढवून, पाठीमागून चेन ओढून, वरून मुंडकं बसवून म्हणाले, की काका, आता तोंडातून चकार शब्द नाही काढायचा, अस्वल बोलत नाही!

थांबा, थांबा... असं मधूनच सुरू केलं की आमची आई म्हणते, ‘जग्या, तू आधी शेपूट दाखवतोस, मग जनावर.’ तर आधी जनावर घ्या.

मी जगदीश. भिसेगावचा. माझा चेहरा तुम्ही ओळखणार नाही, पण आवाज? कर्जतमध्ये माझा आवाज न ऐकलेला माणूस म्हणजे एक तर बहिरा, नाही तर काल राहायला आलेला. रिक्षाच्या टपावर भोंगा, आत मी, हातात माइक... ‘ऐकाऽऽ हो कर्जतकर! सुती साड्यांचा भव्य सेल! आज आहे, उद्या नाही!’ तो सेल वर्षभर असायचा, पण ‘उद्या नाही’ हे मी असं म्हणायचो की बायका चुलीवरचं दूध तसंच सोडून निघायच्या. निवडणुका केल्या, सर्कशी केल्या, हरवलेल्या म्हशी केल्या. तुम्हाला सांगतो, एकदा पळसदरीच्या धरणाच्या काठाने रिक्षा चालली होती, मी असा काही सूर लावला की पाणी थरथरलं आणि मासे काठाला येऊन तोंडं वर काढून बघायला लागले, सेल नेमका कुठे आहे म्हणून! खोटं वाटत असेल तर राहू द्या. रिक्षावाल्यालाही वाटलं होतं, आणि तो तर तिथे होता.

मग एक दिवस ते साडीवाले म्हणाले, ‘काका, एकदा मोबाइलमध्ये बोलून द्या ना, रेकॉर्ड करून ठेवतो.’ मी दिलं. छान घसा खाकरून दिलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर चहा पीत बसलो होतो तर समोरून रिक्षा चालली आणि त्यात मी ओरडतोय! माझाच आवाज, माझ्याच दारावरून, मला सोडून! माणसाची नोकरी दुसऱ्याने घेतली तर भांडता तरी येतं, माझी नोकरी मीच घेतली, भांडू कुणाशी?

तर असा मी रिकामा, आणि तिकडे खालापूरच्या पुढे एक्सप्रेसवेच्या कडेला निघालेली ही ‘बर्फवाडी’. मोठं गोडाऊन, आत मशीनने पाडलेला बर्फ, लोकांनी तिकीट काढायचं, भाड्याचे कोट घालायचे आणि बर्फात घसरायचं. घसरायला आमच्या गल्लीत पावसाळ्यात तिकीट लागत नाही, पण ते जाऊ द्या. तिथे केतन सर म्हणून मॅनेजर, वय माझ्या भाच्याएवढं, दाढी माझ्या मामाएवढी. त्यांनी मला नखशिखांत बघितलं, पोटापाशी जरा जास्त वेळ बघितलं, आणि म्हणाले, ‘परफेक्ट. उद्यापासून तुम्ही पोलर बेअर.’

मी म्हटलं, अनाउन्समेंटचं काम नाही का?

‘ते रेकॉर्डेड आहे.’

बघा म्हणजे! मी जाईन तिथे ते रेकॉर्डिंग आहेच.

‘आणि काका, नियम एकच. अस्वल बोलत नाही. हाय नाही, बाय नाही, शिंकसुद्धा नाही. मागे एका ठिकाणी सशाने पाहुण्यांकडे तंबाखू मागितली. पोरं आठवडाभर जेवली नाहीत. तेव्हा बोललात की त्या दिवशी घरी.’

आता घरी काय सांगायचं? आमची आई म्हणजे भीमाबाई. तुम्ही नाव ऐकलं नसेल तर तुमचं नशीब चांगलं आहे. आमच्या विहारातल्या महिला मंडळाची अध्यक्ष, केस पांढरेशुभ्र, कापसासारखे, आवाज माझ्याहून चढा आणि त्याला भोंगा लागत नाही. छप्पन साली आमच्या आजोबांनी देव्हाऱ्यातले देव उल्हास नदीत सोडले, तेव्हापासून आमच्या घरात गंडा नाही, ताईत नाही, लिंबू फक्त वरणावर. शेजारपाजारच्या पोरांच्या गळ्यात काळा दोरा दिसला की आई पोराला काही बोलत नाही, पोराच्या आईला घरी बोलावते, चहा पाजते, बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसवते आणि मग जी सुरू होते, ती बाई बाहेर पडते तेव्हा दोरा तिच्याच हातात असतो. अशा आईला ‘मी अस्वल झालो’ कसं सांगू? मी म्हटलं, थंडी विभागात सुपरवायझर लागलोय. ती म्हणाली, ‘स्वेटर घालून जा.’

आणि घातलं हो अस्वल! आत बर्फात उणे पाच, बाहेर दारात फोटोला उभं राहायचं तर मे महिन्यातलं खालापूर, आणि मी दिवसभर आतबाहेर. आतून गोठतोय, बाहेरून शिजतोय. कुल्फीला गरम तव्यावर ठेवलं तर तिला काय वाटेल हे तुम्ही मला विचारा. पण विचारून काय उपयोग... अस्वल बोलत नाही!

गप्प बसलं की माणूस बघायला लागतो, हे मला तिथे कळलं. मुंडक्याच्या तोंडात जाळी असते, त्यातून मी जग बघायचो. आणि एक गोष्ट माझ्या डोक्यात अशी शिरली की निघेना. ह्या अस्वलाला ओळखत नाही असं एक पोर आलं नाही! बोलता न येणारं बाळसुद्धा बोट दाखवायचं. अहो, आपल्या डोंगरात भेकर आहे, ते बघितलेली पोरं किती? रानमांजर कितींनी बघितलंय? आणि हे जनावर, जे पृथ्वीच्या पार माथ्यावर राहतं, जिथे आपल्यातलं कुणी गेलं नाही आणि जाणार नाही, ते मात्र घरच्यासारखं! मग मी आठवायला लागलो, मी स्वतः कुठे बघितलं होतं पहिल्यांदा? तर गारेगारवाल्याच्या गाडीवर! निळी गाडी, तिच्यावर पांढरं अस्वल, हातात ऑरेंज कांडी, शेजारी पेंग्विन. मग बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर. मग एसीच्या जाहिरातीत, थंड पेयाच्या जाहिरातीत, पेपरमिंटच्या कागदावर... जिथे काही गार विकायचं तिथे हे उभं. म्हणजे माझाच धंदा की! हेही बिचारं गावोगाव जाहिरात करत फिरणारं, फक्त मुकं.

लहानपणी शाळेच्या सहलीतून राणीच्या बागेत गेलो होतो. मी गुरुजींना विचारलं, पांढरं अस्वल कुठंय? ते म्हणाले, ‘त्याला उन्हाळ्याची सुट्टी आहे ना, थंडीत येईल ते.’ मी कितीतरी वर्षं त्या थंडीची वाट बघितली, तुम्हाला सांगतो.

म्हणून मग एसटीत येता-जाता मोबाइलवर बघायला लागलो. आणि काय काय निघालं! ते आणि पेंग्विन जन्मात एकमेकांना भेटत नाहीत, एक पृथ्वीच्या टाळूवर, एक तळव्याला. मग गारेगारच्या गाडीवर इतकी वर्षं खांद्यावर हात टाकून उभे आहेत ते कोण? त्याचं कातडं आतून काळं, म्हणे. चक्क काळं! आणि केस पांढरे नाहीतच, पोकळ नळ्या आहेत काचेसारख्या, उजेड पडला की पांढरे दिसतात. आणि एका गरम देशातल्या प्राणिसंग्रहालयातली अस्वलं तर हिरवी झाली, त्या पोकळ केसांत शेवाळ धरलं! हे वाचलं आणि मी एसटीत टाळी वाजवली, कारण जूनमध्ये आमचंही अस्वल काखेत हिरवं पडलं होतं. केतन सर म्हणाले, बुरशी आहे. मी खुणेने सांगत होतो, बुरशी नाही सर, हे अगदी अस्सल लक्षण आहे, पण खुणेने शेवाळ कसं सांगणार?

आणखी एक व्हिडिओ बघितला, तो मात्र मी पुन्हा लावला नाही. काचेपलीकडे एक खरं अस्वल. चार पावलं पुढे, मान वळव, चार पावलं मागे. पुन्हा तेच. पुढे लोक आइस्क्रीम खातायत. आणि दुसऱ्या दिवशी बर्फात उभा होतो तर सहज खाली बघितलं... माझ्या पायांनीही तसाच एक पट्टा पडला होता. घसरगुंडीपासून खोट्या इग्लूपर्यंत. गुळगुळीत. मला कुणाला तरी सांगायचं होतं ते. पण अस्वल बोलत नाही.

बरं, ते असू दे. घोटाळा सुरू झाला तो सोमीपासून.

सोमी आमच्याकडे बर्फ ओढायच्या कामाला. डोंगराखालच्या वाडीवरची, माझ्याच वयाची, फावडं असं चालवते की मशीनने लाजावं. एके दिवशी नातीला घेऊन आली. आवडी तिचं नाव, एवढीशी. तर ही आवडी दचकायची. वाडीच्या खालून ट्रक जातात, त्यांचे ते हॉर्न, एक वाजला की पोर झोपेतून उठून बसायची आणि मग थांबायचीच नाही रडायची. सोमी मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘जगूदादा, वाईच पाठीवर घे रं हिला.’

आता तुमच्यातल्या जाणत्या माणसांना आठवत असेल, पूर्वी दरवेशी यायचा अस्वल घेऊन. नाकात वेसण, हातात डमरू. दचकणारं पोर अस्वलाच्या पाठीवर बसवायचं, अस्वलाचा एक केस ताईतात घालून गळ्यात बांधायचा, की भीती गेली. ते खेळ कायद्याने बंद झाले, अस्वलाचं भलं झालं, पण दचकणारी पोरं काही बंद झाली नाहीत ना!

मी मुंडकं जरा वर करून कुजबुजलो, अगं सोमे, आत मी आहे!

ती म्हणाली, ‘ते मला म्हाईत हाय. चेन मीच लावते तुजी. पन वरून तर अस्वलच हाय ना?’

बसवलं पोरीला पाठीवर. एक फेरी मारली त्या माझ्या पट्ट्यावरून. आवडी आधी दगडासारखी, मग तिने माझ्या मानेचे केस मुठीत धरले आणि हसली. आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून पोर दचकायची थांबली! का, ते मला विचारू नका. एवढ्या मोठ्या अस्वलावर बसून आल्यावर ट्रकची काय मातब्बरी, असं तिला वाटलं असेल. सोमीने जाताना माझ्या पाठीचा एक केस उपटला. नायलॉनचा. मला काही लागलं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण माझी जीभ! दिवसभर कोंडलेली, संध्याकाळी अस्वलातून बाहेर पडली की बैल दावं तोडून सुटावा तशी सुटायची. खालापूरच्या स्टँडवर आबाजीची चहाची टपरी, एसटीला वेळ, चार माणसं बसलेली. आबाजीने विचारलं, ‘काय रं जगदीश, सोमीची नात बरी झाली म्हनं अस्वलानं?’ आता ‘हो’ म्हणून चहा प्यायचा की नाही? पण मी! मी म्हटलं, आबाजी, अरे काळ्या अस्वलाच्या केसाचा गुण किती, तर पोर मोठं होईपर्यंत. पण पांढऱ्याचा? जन्मभर! का विचार.

‘का?’

अरे, ते राहतं तिथे सहा महिने रात्र असते. सलग! सहा महिन्यांच्या अंधारात जे एकटं फिरतं, दचकत नाही, त्याला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही. ती त्याच्या केसांच्या नळीतूनच वाहून जाते. पोकळ असतात ना केस! त्यासाठीच पोकळ!

टपरीवर अशी शांतता पसरली की दूध उतू गेलं ते कुणाला कळलं नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! कितीतरी दिवसांनी कुणी माझं ऐकलं होतं.

झालं. पुढच्या रविवारी बर्फवाडीला रांग. वाडीवरच्या बायका आल्या, खोपोलीच्या आल्या, चौक गावच्या आल्या. तिकीट काढून, भाड्याचे कोट घालून, कडेवर पोरं घेऊन! पोर पाठीवर, फेरी, आणि उतरताना... चिमटीत केस, खट्! मी मागे वळलो की पुढून खट्, पुढे वळलो की मागून खट्. ‘अहो बाई, हे नायलॉन आहे, मी सहज थाप मारली होती,’ असं ओरडावंसं वाटायचं, जीव तुटायचा सांगायला, पण केतन सर समोर उभे. अस्वल बोलत नाही! जगात थाप मारलेली माणसं खूप असतील हो, पण स्वतःच्याच थापेपायी अंगावरचे केस उपटले जावेत आणि ‘आई गं’ही म्हणता येऊ नये, असा मी एकटाच.

आणि अडाणी बायकाच होत्या असं समजू नका. पुण्याच्या एक बाई आल्या, डोळ्यावर काळा चष्मा, हातात ती महागाची बाटली. म्हणाल्या, ‘आम्ही असलं काही मानत नाही हं.’ आणि दोन केस उपटले. म्हणाल्या, ‘एक आमच्या डॉगीला.’

श्रावण येईपर्यंत अस्वलाची पाठ दिसायला लागली. केतन सर वैतागले. ‘काका, तुम्ही कुठे घासता पाठ?’ मी मान हलवली. ‘मालक येणार आहेत महिनाअखेरीला. अस्वल असं सोललेलं दिसलं तर हा आयटमच बंद करतील. अस्वल गेलं तर तुम्हीही गेलात, कळतंय ना?’ कळत होतं. पन्नाशी ओलांडलेल्या, घशापलीकडे काही न येणाऱ्या माणसाला दुसरं कोण ठेवणार? मी घरून जुनी गादी फोडून कापूस आणला, फेव्हिकॉलने चिकटवला. तर बायका म्हणाल्या, नवा केस आलाय, हा ताजा आहे!

आणि इकडे घरी काय झालं? आमच्याच आळीतल्या एका पोराच्या गळ्यात आईला ताईत दिसला. तिने शिरस्त्याप्रमाणे चहा पाजला, ताईत उघडला, आत पांढरा केस. विचारपूस केली. रात्री जेवताना मला म्हणते, ‘जग्या, तुज्या त्या बर्फाच्या कारखान्यात कुनी अस्वल हाय?’

म्हटलं, असेल... मी थंडी विभागात...

‘त्याच्या नावानं बाजार मांडलाय कुनी तरी. सहा महिनं रात्र आन् केसाच्या नळ्या! कुना हलकटाच्या डोक्यातून निघालं असंल?’

मी म्हटलं, ‘वरण वाढ.’

‘येत्या रविवारी मंडळ घेऊन येते. त्या अस्वलालाच जाब इचारते.’

आता बघा माझी अवस्था. बोललो तर नोकरी जाते. नाही बोललो तर माझ्या थापेचे ताईत गावभर फिरणार, आणि कधीतरी आईला कळणार की तो हलकट तिच्याच ताटाला ताट लावून जेवतोय. त्या आठवड्यात मी आजारी पडायचा फार प्रयत्न केला, तुम्हाला सांगतो. उणे पाचमध्ये सुद्धा सर्दी झाली नाही.

रविवारी आली. पांढरं लुगडं, वर भाड्याचा लाल कोट, मागे मंडळाच्या बायका, त्याही कोटात. पायाखाली बर्फ, पण पाऊल घसरत नाही बाईचं! माझ्याभोवती नेहमीची रांग, पोरं, सोमी फावडं टेकून उभी, केतन सर दाराशी. आईने सरळ येऊन माझ्या छातीवर बोट ठेवलं. तिची घरातली भाषा वेगळी आणि सभेतली वेगळी. सभेतली सुरू झाली...

‘बायांनो, ज्या घरात पोराला पुस्तक द्यायचं त्या घरात तुम्ही केस देता? हे जनावर स्वतः पिंजऱ्यात राहतं. माणसाने तिकीट लावून ठेवलंय त्याला. ज्याला स्वतःची सुटका करता येत नाही ते तुमच्या पोरांची काय सुटका करणार?’

काय बोलली हो! मी अस्वलात उभा, डोळ्यांत पाणी. तो काचेमागचा व्हिडिओ आठवला.

मग माझ्या तोंडातल्या जाळीकडे बघून, कडाडून, ‘बोल! काय आहे तुझ्या केसात? आहे उत्तर? बोल की!’

आता मला लहानपणापासून एक खोड आहे. आई रागवायला लागली की मी उजव्या पायाने डावी पोटरी खाजवतो. मनात नसताना होतं ते, अगदी आपोआप. अस्वलाने उजवा पाय उचलला आणि डावी पोटरी खाजवली.

आईचं बोट जागच्या जागी थांबलं. तिने पायाकडे बघितलं. पोटाकडे बघितलं. मग जाळीच्या अगदी जवळ आली आणि घरातल्या भाषेत, हळू, एवढंच म्हणाली, ‘जग्या?’

केतन सर दारातून बघतायत. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. अस्वल बोलत नाही...

पण आईने हाक मारली, हो!

मी मुंडकं उपटलं. आणि असा ओरडलो, असा ओरडलो, की भोंग्याची सगळी वर्षं त्यात होती. ‘ऐकाऽऽ हो! मी आहे, भिसेगावचा जगदीश! हे नायलॉन आहे! ह्यात गुण नाही, औषध नाही, वर चिकटवलाय तो आमच्या गादीचा कापूस आहे! सहा महिने रात्रीची थाप मी मारली, आबाजीच्या टपरीवर, चहा पिता पिता!’ इग्लूवरचा बर्फ ढासळला, शप्पथ. तो तसाही ढासळायला आला होता, पण वेळ बघा.

मला वाटलं, आता रडतील, मारतील, ताईत तोडून माझ्या अंगावर फेकतील.

खोपोलीची एक बाई पोराचं नाक पुसत म्हणाली, ‘ते म्हाईत हाय रं. तिकीट काढून आलोय आमी. खरं अस्वल आसतं तर पोर दिलं आसतं का पाठीवर?’

मी म्हटलं, मग केस कशाला उपटत होता?

‘आसू दे म्हनून.’

म्हणजे मी नोकरी घालवली ती जे सगळ्यांना माहीत होतं ते ओरडून सांगण्यासाठी! पोरांनासुद्धा काही वाटलं नाही. एक जण म्हणाला, ‘अरे, काका आहेत,’ आणि पॉपकॉर्नकडे पळाला. फक्त केतन सर डोकं धरून बसले होते, म्हणाले, ‘काका, मालक येत्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी येतायत. त्यांच्यासमोर काय ते बोला. आता बोलताच आहात तर.’

आई मला घेऊन निघाली. दाराशी सोमी आडवी आली. मला वाटलं, निरोप द्यायला. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. आईकडे बघत होती, डोळे एवढे मोठे करून. म्हणाली, ‘आये, एवढ्या मोठ्या अस्वलाच्या तोंडाशी गेलीस, आन् बोट लावलंस... तुला भ्या नाय वाटलं?’

आई म्हणाली, ‘भ्यायचं काय त्यात?’

बस. एवढंच म्हणाली बिचारी. आणि सगळ्या बायकांची नजर हळूहळू वर गेली... कोटाच्या टोपीतून बाहेर आलेल्या, कापसासारख्या पांढऱ्याशुभ्र केसांवर.

तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, आमच्या दारात माणूस हलत नाही. चहा प्यायला आलो म्हणतात. आईही खूश, समोर बसवते, बोलते तासभर, ते माना डोलावतात, आणि गेल्यावर बघावं तर फणी साफ! आईने फणी लपवली, तर उशीचे अभ्रे नेले. मंडळाच्या सेक्रेटरीबाई, स्वतः शिक्षिका, त्यांना आईने उशाशी वाकलेलं पकडलं. ‘नाही हो भीमाबाई, चष्मा पडला होता.’ चष्मा नाकावर!

आई चार दिवस डोक्यावरून पदर काढीना. परवा म्हणाली, ‘जग्या, कर्जतात जा, केसाचा काळा रंग आन.’ आयुष्यात कधी पावडर न लावलेली बाई, हो! मी मेडिकलमध्ये गेलो. औषधांचं दुकान, तो माणूस फार्मसी शिकलेला, भिंतीवर सर्टिफिकेट. म्हणाला, ‘कुणासाठी?’ म्हटलं, आईसाठी. त्याने रंगाची डबी कागदात बांधली, इकडेतिकडे बघितलं, आणि काउंटरवरून वाकून हळूच म्हणतो, ‘रंगवायच्या आधी एक मिळेल का? धाकटी फार दचकते.’

मी असा तापलो! म्हटलं, लाज नाही वाटत? औषधं विकता आणि केस मागता? अहो, विज्ञान काय म्हणतं, बाबासाहेब काय म्हणाले, माझी आई इतकी वर्षं घसा फोडून काय सांगतेय! तिथेच उभं राहून पंधरा मिनिटं झापलं त्याला, गिऱ्हाइकं जमली, टाळ्या पडल्या.

आणि मग शर्टाच्या खिशावर हात घट्ट दाबून घरी आलो. एकच मिळालाय हो मला, आणि शुक्रवारी मालकांसमोर जायचंय!